चवड्याला जागा द्या

दहा-बारा हजार रुपये मोजून बूट घ्यायचे, आणि तेही पायात काहीच नाही असं वाटावं म्हणून, याची टिंगल करायला फार हुशारी लागत नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी पाची बोटं सुटी दिसणारे ते बूट घालून कुणी आलं, की लोक आधी पायांकडे बघतात, मग तोंडाकडे, आणि चार पावलं पुढे गेल्यावर हसतात. ‘आमचा आजा हे फुकटात करत होता’ हा शेरा ठरलेला. त्यावर हे बूट घालणाऱ्यांचं उत्तरही ठरलेलं: माणूस लाखो वर्षं अनवाणी धावला, जाड तळाचे बूट कालपरवाचे, म्हणून ते वाईट. दोन्ही बाजू खूश होऊन आपापल्या घरी जातात.

मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. पातळ तळाचे, सपाट, पुढे रुंद असे बूट मी रोजच्या चालण्याला वापरते आणि इतरांनीही वापरून पाहावेत असं माझं मत आहे. पण हा वाद गेली पंधरा-वीस वर्षं धावणाऱ्यांनी धावणाऱ्यांपुरता घातला, आणि नेमका धावण्याबाबतचा पुरावा धूसर आहे. जिथे तो बराच बरा आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग आपल्याच देशात गोळा झालेला आहे, तिकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. ती जागा म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांचे पाय आणि त्यांवर आपण दर जूनमध्ये चढवतो ते शाळेचे काळे बूट.

आधी वस्तू नीट बघू. नेहमीचा धावण्याचा बूट हातात घेऊन बाजूनं पाहिला तर टाचेखाली फोम जाड दिसतो, चवड्याखाली कमी. हा फरक साधारण आठ ते बारा मिलिमीटरचा असतो, म्हणजे सपाट रस्त्यावरही आपण सतत किंचित उतारावर उभे असतो. पुढचं टोक वर उचललेलं असतं, त्यामुळे जमीन मागे ढकलायचं बोटांचं काम कमी होतं. आणि वरून पाहिलं तर बूट पुढे निमुळता होत जातो. माणसाचा पाय तसा नसतो. तो बोटांपाशी सर्वांत रुंद असतो. ज्या बाळानं अजून बूट पाहिलेला नाही त्याचा पाय पाहा, बोटं पंख्यासारखी पसरलेली असतात. अनवाणी धाटणीच्या बुटात टाच आणि चवडा एका पातळीवर असतात, तळ काही मिलिमीटरचाच आणि हातात गुंडाळता येईल इतका मऊ असतो, आणि पुढे बोटं पसरायला जागा असते. बस्स. बोटांना वेगवेगळे कप्पे वगैरे ही हौस झाली.

यातली पातळ तळाची गोष्ट जाहिरातीत सर्वांत पुढे असते. माझ्या मते जागेची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. ती नवीही नाही. पेत्रुस कांपर या डच शरीरशास्त्रज्ञानं १७८१ साली बुटाचा योग्य आकार कोणता यावर निबंध लिहून हीच तक्रार केली होती, की चांभार पायासाठी बूट बेतत नाहीत, पाय बुटात बसवतात. सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली. कुरूप, नखुरडं, अंगठ्याच्या बुडाचं हाड बाहेर येणं, करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडून बसणं, यांतल्या पुष्कळ तक्रारी अरुंद बुटांशी जोडलेल्या आहेत हे कुठलाही हाडांचा डॉक्टर सांगेल. सांगतो आणि वर इनसोल लिहून देतो, ते त्याच अरुंद बुटात घालायला.

धावण्याची गोष्ट लवकर आटोपते, कारण तिचा पूर्वार्ध सगळ्यांना पाठ आहे. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. अनवाणीवाल्यांच्या प्रत्येक लेखात तो हजर असतो. चार वर्षांनी टोकियोत त्यानं पुन्हा सुवर्ण जिंकलं, रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात, आणि तेव्हा त्याच्या पायात बूट होते. हे वाक्य त्या लेखांत सहसा सापडत नाही.

पुढे २०१० साली हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. जन्मभर अनवाणी धावलेली माणसं बहुधा चवड्यावर उतरतात, त्यामुळे टाच आपटल्यावर पायातून वर जाणारा तो पहिला झटका त्यांना बसत नाही, असं त्यात दाखवलं होतं. या संशोधनाला थोडा पैसा पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हायब्राम कंपनीकडूनही मिळाला होता. ते निबंधातच नमूद आहे, लपवलेलं नाही. दुखापती कमी होतात असं त्यात सिद्ध झालेलं नव्हतं. पण बाजाराला एवढा धीर कुठला? हजारो लोकांनी जाड तळाचे बूट फेकले, पातळ चढवले आणि दुसऱ्या दिवसापासून पहिल्याइतकंच अंतर धावायला लागले. २०१३ साली अमेरिकेत अनुभवी धावपटूंवर दहा आठवड्यांचा एक प्रयोग झाला. पाच बोटांच्या बुटांकडे वळलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज दिसली. हाडावर झेपण्यापलीकडे भार पडतो आहे याची ती खूण. त्याच वर्षी उत्तर केनियातल्या दासनाच लोकांवरचा अभ्यास आला. हेही जन्मभर अनवाणी, पण आपल्या सोयीच्या वेगानं धावताना त्यांच्यातले बहुतेक जण टाचेवरच उतरत होते. म्हणजे निसर्गानं एकच एक चाल ठरवून दिली आहे हेही खरं नाही. दरम्यान व्हायब्रामवर २०१२ साली अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला, की पाय बळकट होतील, दुखापती टळतील हे दावे पुराव्याविना केले. २०१४ साली कंपनीनं ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली, चूक मान्य न करता.

त्यानंतर लंबक एकदम दुसऱ्या टोकाला गेला. आता रस्त्यावरच्या शर्यतींत तळाची जाडी ४० मिलिमीटरच्या वर जाऊ नये असा नियम जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला करावा लागला आहे. धावणाऱ्यांचं ते धावणारे बघून घेतील. ज्याला पातळ बुटात धावायचंच आहे त्यानं महिनोन् महिने घेऊन, पोटऱ्यांचं ऐकत, थोडं थोडं वाढवत जावं. याहून जास्त ठामपणे कुणी काही सांगत असेल तर तो काहीतरी विकत असण्याची शक्यता आहे.

चालणं वेगळं आहे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, आदळ कमी असते, आणि टाचेवर उतरणं हीच माणसाची रीत आहे, बूट असो वा नसो. त्यामुळे धावण्यातला निम्मा वाद इथे लागूच होत नाही. उरतो तो स्नायूंचा प्रश्न. पावलात २६ हाडं आहेत आणि त्यांना धरून ठेवणारे छोटे छोटे स्नायू आहेत. जाड, कडक, टोक उचललेला बूट त्यांचं काम स्वतःकडे घेतो. बिनकामाचा स्नायू दुबळा होतो, हे गुडघ्याला प्लास्टर घातलेल्या कुणालाही सांगायला नको. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना सहा महिने रोजच्या वापरात असे पातळ बूट घालायला दिले. वेगळा व्यायाम नाही, काही नाही. बोटं दाबण्याची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. नमुना छोटा होता आणि बूट अशाच एका कंपनीचे होते, त्यामुळे हा आकडा मी देवघरात ठेवत नाही. पण त्याआधी, २०१९ साली, अमेरिकेत झालेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासातही नुसतं असे बूट घालून चालणं हे पायाच्या खास व्यायामांइतकंच परिणामकारक ठरलं होतं. दोन वेगळ्या चमू, एकाच दिशेचं उत्तर.

पातळ तळानं आणखी एक गोष्ट होते, ती मोजणं अवघड आहे पण चालणाऱ्याला लगेच कळते. पाय रस्ता वाचायला लागतो. माझ्या रोजच्या वाटेवर पेव्हर ब्लॉकचा एक पट्टा आहे, त्यातले चार-पाच ब्लॉक झाडाच्या मुळानं उचलले आहेत. जाड बुटात तिथे घोटा कलंडायचा. आता कड तळव्याला लागते आणि वजन पूर्ण पडायच्या आत पाय आपोआप सरकतो. अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या उंचवट्याच्या फरशा तर इतक्या स्पष्ट कळतात की त्या कुठे नेऊन सोडतात तेही कळतं: थेट विजेच्या डीपीपाशी. (पालिकेच्या रस्ते विभागातल्या अभियंत्यांना वर्षातून एक दिवस असे बूट घालून शहरभर फिरवावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.) त्याचबरोबर खडीही कळते, आणि मे महिन्यातलं डांबरही. फुकट काहीच नाही.

आता मुद्द्याचं. १९९२ साली मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पायांचे ठसे घेतले. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा तपशील. पायताणाच्या प्रकारानुसार पाहिलं तर बंद बूट घालणाऱ्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं, सँडल किंवा स्लिपर घालणाऱ्यांत कमी, अनवाणी मुलांत सर्वांत कमी. तीन वर्षांनी जोसेफ यांनीच १८४६ प्रौढांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांनी लहानपणी उशिरा बूट घालायला सुरुवात केली त्यांच्यात सपाट पाय कमी दिसले. पुढे २००९ साली बेल्जियमच्या संशोधकांनी बंगळुरू भागातल्या जन्मभर अनवाणी चालणाऱ्यांचे पाय मोजले. त्यांचा चवडा बूटवाल्या भारतीयांपेक्षा आणि युरोपीयांपेक्षा रुंद होता आणि चालताना दाब तळव्यावर जास्त समान पसरत होता.

यावर लगेच कुणी म्हणेल, सपाट पाय म्हणजे काही आजार नव्हे. बरोबर. सपाट पायाची कितीतरी माणसं आयुष्यभर काही न दुखता चालतात, आणि ठशांचा अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाही. पण इथे पुराव्याचं ओझं कुणावर आहे ते बघा. मुलाच्या पायाची कमान पहिल्या काही वर्षांत हळूहळू घडते, हे वैद्यकाला मान्य आहे. त्या वर्षांत दिवसाचे सहा-सात तास पाय एका कडक, बंद, निमुळत्या खोक्यात ठेवायचा नियम शाळेनं केला आहे. मग त्या खोक्यानं मुलाचं काय भलं होतं हे नियम करणाऱ्यानं सांगायला हवं. मी ज्या ज्या शिक्षकांना विचारलं त्यांचं उत्तर एकच: शिस्त. एका मुख्याध्यापिकाबाईंनी ‘सगळे सारखे दिसतात’ असं सांगितलं, आणि ते मला जास्त प्रामाणिक वाटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बुटांच्या कुठल्याही दुकानात दहा मिनिटं उभं राहा. मूल स्टुलावर, दुकानातला पोरगा खाली उकिडवा. बूट चढवला जातो, आई पुढच्या टोकावर अंगठा दाबून बघते. ‘एक नंबर मोठा दाखवा, वर्ष निघायला हवं.’ मोठा नंबर येतो. आता लांबीला जागा आहे, पण रुंदीला नाही, कारण नंबर वाढला तरी टोक निमुळतंच राहतं. पाय पुढे घसरू नये म्हणून टोकात कापूस कोंबतात. मुलाला विचारलं जातं, ‘लागतोय का कुठे?’ आणि मूल नवे बूट जातील या भीतीनं ‘नाही’ म्हणतं. बूट हातात घेऊन वाकवायचा प्रयत्न करा. पहिलीतल्या, वीस किलोच्या मुलाचा बूट मोठ्या माणसालाही दोन्ही हातांनी जोर लावून वाकवावा लागतो. हा बूट ते मूल दिवसभरात हजारो वेळा वाकवणार असतं. मग पाऊस सुरू होतो. ओले पायमोजे त्या बुटात चार वाजेपर्यंत, आणि जुलैत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या.

याच मुलांकडे शनिवारी पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट असायचे, अजूनही कुठे कुठे असतात. सपाट, पातळ तळाचे, हातात दुमडता येणारे, उन्हात दोन तासांत वाळणारे. पुढे जरा अरुंद, एवढं सोडलं तर ज्याला दहा हजार मोजले जातात तो बूट हाच. शनिवारी जो बूट शिस्तीत बसतो तो सोमवारी का बसू नये, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टिंगलवाल्यांच्या शेऱ्यासारखा झटकता येत नाही. ज्या देशात लोकांना पायताण मिळावं म्हणून पिढ्या गेल्या, तिथे अनवाणीपणाचे गोडवे गाणं हा भरल्या पोटाचा चाळा आहे. मिलिंद सोमण २०१६ साली अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धावले. ती त्यांची निवड होती, आणि त्याबद्दल मला आदर आहे. बारामतीच्या लता करे नऊवारीत अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या, कारण नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे होते. दोघांचे फोटो शेजारी ठेवून ‘अनवाणी धावण्याची प्रेरणा’ असा मथळा देणाऱ्याला काय म्हणावं? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या तळव्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, कातडी सोलवटलेली, फोड फुटलेले. त्या पायांना कुणी नैसर्गिक चालीचं महत्त्व सांगायला गेलं नाही. मुंबईकर चपला घेऊन गेले, आणि तेच बरोबर होतं.

त्याच्या खाली आणखी एक थर आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दलितांनी वरच्या आळीतून जाताना चप्पल काढून हातात घ्यायची, हा दंडक होता, आणि तो सोसलेली माणसं आजही आहेत. कातडं कमावणारे ढोर, चपला शिवणारे चांभार. ज्यांनी गावाच्या पायाला चप्पल दिली त्यांना ती घालून मिरवायची मुभा नव्हती. अशा समाजात बूट हा नुसता तळव्याचा प्रश्न राहत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पायात पॉलिश केलेले काळे बूट बघून आईला जे वाटतं, त्याच्यासमोर मणिपालचा तक्ता धरणं हा उद्धटपणा होईल.

आरोग्याच्या अंगानंही अनवाणीपणा गुणाचाच नाही. हुकवर्म हा जंत तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतो; अमेरिकेच्या दक्षिण भागात शंभर वर्षांपूर्वी रॉकफेलर आयोगानं तपासलं तेव्हा सुमारे ४० टक्के शाळकरी मुलांना तो होता, आणि तो हटण्यात संडास व बूट यांचा मोठा वाटा होता. कोकणात विंचूदंशावर आयुष्य घालवलेल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामाची ओळख असलेला कुणीही भाताच्या शेतात, लाकडाच्या ढिगापाशी अनवाणी जा असं सांगणार नाही. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तेव्हापासून साचलेल्या पाण्यात उघड्या पायांनी उतरू नका असं दर पावसाळ्यात सांगावं लागतं. आणि मधुमेह. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. ज्यांच्या तळव्याची संवेदना गेली आहे त्यांना खडा टोचलेला कळतच नाही आणि जखम हाडापर्यंत जाते. अशांना पातळ तळाचा बूट म्हणजे संकटाला आमंत्रण. त्यांच्यासाठी मऊ एमसीआर रबराची चप्पलच, आणि घरातसुद्धा.

हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं बदलत नाही, कारण हा आक्षेप अनवाणी राहण्याला आहे. बुटाच्या आकाराबद्दल त्यात काहीच नाही. हुकवर्म अडवायला तळ लागतो, निमुळतं टोक लागत नाही. खडी अडवायला सहा मिलिमीटर रबर पुरतं, उंच टाच लागत नाही. प्रतिष्ठेला काळा रंग हवा असेल तर रुंद चवड्याचा बूटही काळा करता येतो, त्यालाही पॉलिश बसतं. गरिबाच्या मुलाला बूट द्या या मागणीत ‘वाईट आकाराचा द्या’ असं कुठे लिहिलेलं नव्हतं. उलट ज्या घरात वर्षाला एकच जोड येतो तिथे तो नीट असणं जास्त गरजेचं. श्रीमंताचं मूल घरी येऊन बूट भिरकावतं आणि दुसरे तीन जोड वापरतं.

राज्य सरकारनं जुलै २०२३ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे मोफत द्यायचा निर्णय केला. हेतू चांगला. तरतूद मुलामागे १७० रुपये. एवढ्या पैशांत बाजारात काय येतं ते कुणीही पाहून यावं: वर रेक्झिन, खाली कडक पीव्हीसी, हवा जायला वाट नाही. त्याच पैशांत मागे पट्टा असलेलं साधं सँडल केव्हाही जास्त टिकाऊ, जास्त मोकळं आणि पावसात जास्त शहाणपणाचं झालं असतं. पण ‘सँडल’ म्हटलं की काहीतरी कमी दिल्यासारखं वाटतं. बंद बूट म्हणजे पूर्ण बूट, ही समजूत इंग्रजांच्या शाळांबरोबर आली आणि राहिली. थंड देशातली गरज आपल्या जून-जुलैत गणवेश होऊन बसली.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असाही कुणी काढू नये. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारखं सँडल आणलं तेव्हा जी आरडाओरड झाली, तिच्यात कोल्हापुरी हीच खरी ‘बेअरफूट’ चप्पल असं सांगणारेही बरेच निघाले. अर्धं खरं आहे. ती सपाट आहे, बोटं मोकळी आहेत, चामडं महिनाभरात पायाच्या ठशाप्रमाणे खोल बसतं. पण तळ लाकडासारखा कडक, पहिले पंधरा दिवस ती चावते, तेल पाजून पाजून नरमवावी लागते, आणि अंगठ्याच्या पट्ट्यावर भार देत चालावं लागतं. कारागिरांचे पैसे आणि श्रेय हा त्या वादातला खरा मुद्दा होता. त्याला शरीरशास्त्राचं ठिगळ लावायची गरज नव्हती.

मोठ्यांबद्दल दोन शब्द, कारण विचारणारे मोठेच असतात. तीस-चाळीस वर्षं टाच उचललेल्या बुटात गेलेली असतील तर पोटरी आखडलेली असते. सपाट बूट घालून पहिल्याच रविवारी सिंहगड चढायला जाऊ नका. आठवडाभर नुसते भाजी आणायला घालून जा. टाचदुखी, संवेदना कमी झालेले तळवे, हाडं ठिसूळ असणं, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. आणि दहा हजार खर्च करायची मुळीच गरज नाही. आता भारतीय बनावटीचे बरेच स्वस्त जोड मिळतात, आणि तेही नको असतील तर घरातल्या बुटांतला इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहून पाहा. करंगळी आणि अंगठा इनसोलच्या कडेबाहेर सांडत असतील तर तो बूट तुमचा नव्हे, कितीही महाग असो.

हीच परीक्षा शाळांनी घ्यावी, एवढं माझं मागणं आहे. मुलाला वहीच्या कागदावर उभं करायचं, पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवायची, आकृती कापायची आणि दुकानदारानं आणलेल्या नमुन्याच्या बुटात सरकवायची. कागद कडेनं दुमडला तर नमुना परत. बूट ज्या साच्यावर बेततात तो फर्मा कारखान्याला बदलावा लागेल हे खरं, पण तो खर्च प्रत्येक जोडाला पडत नाही, एकदाच पडतो, आणि लाखो जोडांची खरेदी करणाऱ्या सरकारच्या शब्दाला तेवढं वजन नक्की आहे. खरेदीच्या अटींत आज रंग असतो, नंबर असतो. त्यात तीन ओळी वाढवाव्यात: तळ मुलाच्या हातानं वाकला पाहिजे, टाच उंच नको, आणि पुढची रुंदी बोटांच्या रुंदीपेक्षा कमी नको. शिवाय जून ते सप्टेंबर सँडलला परवानगी, कुणाच्याही अर्जाशिवाय.

खासगी शाळांत तर हे आणखी सोपं आहे, कारण तिथे पैसे पालक स्वतः देतात. फक्त ठरावीक दुकानातूनच बूट घ्यायची सक्ती आधी काढावी लागेल. जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांत शिक्षण हक्क कायद्यानुसार व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला. म्हणजे बहुमत आधीच आहे. पुढच्या वर्षाच्या खरेदीचा विषय बैठकीत येईल तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारावेत, हा बूट कुणाच्या पायाच्या मापावर बेतला आहे आणि सँडलला हरकत नेमकी कशाची आहे, आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.